फडातला गुन्हा, बीडमधली फिर्याद

ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे किंवा थेट कर्नाटकात गेलेल्या टोळीतल्या बाईवर फडात अत्याचार झाला, तर गावी परतल्यावर तिला ठाण्यात अनेकदा एकच उत्तर मिळायचं: हद्द आमची नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हे उत्तर चालत नाही. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद धारूर, वडवणी, कुठल्याही ठाण्यात देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग होते आणि प्रत फुकट मिळते. ऑनलाइन पाठवली, तर 3 दिवसांत सही करावी लागते. ठाण्याने टोलवलं, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवायचं (पोच जपून ठेवा, पुढे तीच कामी येते). तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकारी. तपास कुठवर आला, हे 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडितेला कळवणं बंधनकारक आहे.

आणि पोलिसांवर देखरेख? प्रकाश सिंह खटल्यात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा पातळीवरही तक्रार प्राधिकरण सांगितलं होतं. महाराष्ट्राने 2014 च्या दुरुस्तीत जिल्ह्याऐवजी विभाग धरला. बीड येतं छत्रपती संभाजीनगर विभागात. डिसेंबर 2024 मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, तेव्हा स्थानिक पोलिसांवरच बोट ठेवलं गेलं आणि तपास सीआयडीकडे गेला. अशा जिल्ह्याला तक्रारीची जागा जिल्ह्यातच हवी होती. ही काटछाट मला तरी पटत नाही.