कॅपिटल 'क' कसा काढायचा?

कॅपिटल 'क' काढून दाखवा बरं! नाही ना जमत? जमणारच नाही, कारण देवनागरीत तो नाहीच. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा सहज कानावर पडतात. गंमत म्हणजे या चौघींच्याही लिप्यांत कॅपिटल-स्मॉल असा प्रकारच नाही. म्हणून सोलापूरचं मूल जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकायला बसलं की पहिली ठेच हमखास इथेच लागते.

समजा, तुम्हाला चादरींचा हिशोब ठेवणारा प्रोग्रॅम लिहायचाय. किती चादरी आहेत तो आकडा लक्षात ठेवायला एक नाव हवं. अशा नावाला व्हेरिएबल म्हणतात. तुम्ही इंग्रजी अक्षरांत 'चादर' लिहिलंत, पहिला 'सी' स्मॉल. चार ओळींनंतर तेच नाव लिहिताना 'सी' कॅपिटल पडला. झालं! संगणक म्हणतो, असं काही नाव मला ठाऊकच नाही.

अहो, चादरच तर आहे, एवढंही कळू नये? नाही कळत. कारण संगणकाला अक्षर दिसतच नाही, दिसतो फक्त आकडा. कॅपिटल 'सी'चा आकडा ६७ आणि स्मॉल 'सी'चा ९९. आता हेच आकडे संगणकाच्या पद्धतीने, फक्त शून्य आणि एक वापरून, एकाखाली एक लिहू:

१००००११
११०००११

नीट बघा. सातांपैकी फक्त एकाच जागी फरक आहे, डावीकडून दुसऱ्या. 'ए'पासून 'झेड'पर्यंत कुठलीही जोडी घ्या, फरक त्याच एका जागी आणि बरोबर ३२चा!

एका जागेने एवढा फरक पडतो हे सोलापूरच्या विणकरांना नवीन नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्ड लावलेल्या मागावर विणली जाते. त्यात पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या असतात, भोकं पाडलेल्या आणि एकमेकींना दोऱ्याने जोडलेल्या. एक आडवा धागा टाकायचा की एक पट्टी पुढे येते. जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिच्या वाट्याचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. एक भोक चुकीच्या जागी पडलं, तर फूल जिथे हवं तिथे भलताच ठिपका उमटतो. माग विचारत बसत नाही की तुम्हाला नक्की काय म्हणायचं होतं.

फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डने हे यंत्र १८०४च्या सुमारास बनवलं. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राला हुकूम द्यायला अशाच भोकांच्या पट्ट्या वापरायचं ठरवलं. म्हणजे चादर आणि संगणक यांचं नातं जुनं आहे! जावास्क्रिप्ट त्या मानाने लहानगी. ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला.

संगणकाने चूक लगेच दाखवली तर बरंच असतं. पण एखाद्या नावात नवी किंमत भरताना कॅपिटल-स्मॉलचा घोळ झाला, तर जावास्क्रिप्ट कधीकधी चूक न दाखवता गुपचूप दुसरंच व्हेरिएबल तयार करते. मग हिशोब चुकतो आणि का चुकला ते सापडत नाही. ही खरी वैतागाची चूक. त्यावर उपाय म्हणून प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत अवतरणचिन्हांत 'यूज स्ट्रिक्ट' हे शब्द इंग्रजीत लिहावेत. मग भाषा असली लपवाछपवी चालू देत नाही.

आता सगळ्यात मजेची गोष्ट. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव चक्क मराठीत ठेवता येतं! 'चादर' हे नाव देवनागरीत लिहा, चालतं. मात्र 'लेट'सारखे भाषेचे ठरलेले शब्द इंग्रजी लिपीतच हवेत, किंमतही इंग्रजी अंकांतच लिहायची. नावाची सुरुवात अंकाने करायची नाही आणि नावात मोकळी जागा सोडायची नाही. इंग्रजीत दोन शब्द जोडताना दुसऱ्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतात. आपल्याकडे कॅपिटल नाही, म्हणून मध्ये खालची रेघ द्यायची: चादरीची_किंमत. मला तर हे वाचायलाही जास्त सोपं वाटतं.

मराठीत नावं ठेवली म्हणजे सुटलो, असं मात्र समजू नका. इथे कॅपिटल-स्मॉलऐवजी ऱ्हस्व-दीर्घ गाठतात. 'सूत' म्हणजे धागा आणि 'सुत' म्हणजे मुलगा. ऱ्हस्व उकाराचा आकडा २३६९, दीर्घाचा २३७०. एकाचाच फरक, पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावं. शुद्धलेखनाच्या तासाला बाईंनी लाल शाईने केलेली दुरुस्ती इथे थेट प्रोग्रॅममध्ये करावी लागते!

करून बघायचंय? शाळेतल्या किंवा घरातल्या संगणकावर क्रोम उघडा आणि एफ १२ दाबा. कन्सोल नावाचा भाग दिसेल. त्यात 'लेट' इंग्रजीत, पुढे मोकळी जागा सोडून 'सूत' मराठीत, मग बरोबरचं चिन्ह आणि इंग्रजी ५ लिहून एंटर दाबा. आता नुसतं 'सूत' लिहून एंटर दाबा; ५ दिसेल. मग मुद्दाम ऱ्हस्व 'सुत' लिहून एंटर दाबा आणि लाल अक्षरांत काय उत्तर येतं ते स्वतः वाचा.