भाडेकरूचे संरक्षण आणि कराराचा कागद

थळ घाटाच्या माथ्यावर रेल्वेच्या आधाराने वाढलेल्या इगतपुरीसारख्या गावात शेजारीशेजारी राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांचे भाडे सारखे असले, तरी त्यांना मिळणारे कायद्याचे संरक्षण सारखे असेलच असे नाही. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांतील राहत्या घरांना, दुकानांना व गोदामांना लागू होतो. सरकारी मालकीच्या जागा त्यातून वगळलेल्या असल्यामुळे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र त्याचा आधार घेता येत नाही.

खरा भेद भाडेकरू आणि परवानाधारक यांच्यातला आहे. भाडेकरू कायदेशीर भाडे व त्यावरील मान्य वाढ देत आहे, किंवा देण्यास तयार आहे, तोवर केवळ मालकाच्या इच्छेने त्याला काढता येत नाही. परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, जागेची नासधूस करणे किंवा मालकाला जागेची प्रामाणिक गरज असणे, असे कायद्यात दिलेले कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. भाडे थकले तरी मालकाला लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह व दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरली, तर थकबाकीच्या कारणावरून बेदखलीचा हुकूम होत नाही. मालकालाही वर्षाला ४ टक्के भाडेवाढीचा हक्क आहे, हे भाडेकरू सोयीस्करपणे विसरतात.

अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्याची स्थिती अगदी वेगळी असते. त्याला जागा वापरण्याची केवळ परवानगी असते. मुदत संपूनही त्याने घर सोडले नाही, तर शासनाने नेमलेला सक्षम प्राधिकारी त्याला बाहेर काढण्याचा आदेश देऊ शकतो आणि पुढील काळासाठी शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. त्यामुळे अशा करारावर सही करून ‘भाडे नियंत्रण’ या शब्दांवर विसंबणे धोक्याचे आहे.

दोन्ही प्रकारचे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कलम ५५ नुसार बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी झालेली नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीचा खर्च वाचवू पाहणारा मालक स्वतःचीच बाजू लंगडी करून घेतो.

वाद चालू असताना पाणी किंवा वीज तोडण्याचा अधिकार मालकाला नाही. तसे घडल्यास न्यायालयात अर्ज करता येतो. स्वतंत्र लघुवाद न्यायालय नसलेल्या ठिकाणी हे काम कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे असते. तेथे भाडे दिल्याचा पुरावा लागतो, म्हणून भाडेकरूने दर वेळी पावती मागून घ्यावी. ती देणे मालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे.