सलुकी दत्तक घेण्यापूर्वी

सलुकी हा अरबस्तानातील शिकारी कुत्रा. आपला कारवानी त्याचाच वंशज मानतात. तो वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. बेवारस सलुकीला कायमचे घर मिळेपर्यंत सांभाळणे म्हणजे त्याला फ्लॅट, लिफ्ट आणि दारावरची घंटा यांची सवय लावणे.

ओलायाच्या रहदारीत पट्टा कधीही सोडू नये. मांजर दिसताच ताशी 60 किलोमीटरने धावणारा हा कुत्रा हाक ऐकत नाही. डोके अरुंद असल्याने गळ्यातला पट्टा निसटतो. छातीचा पट्टा घ्यावा. उन्हाळ्यात पहाटेच फिरवावे. ओरडू नये, पाच-पाच मिनिटे शिकवून खाऊ द्यावा. झोपलेल्या कुत्र्याला मुलांनी हात लावू नये. चावल्यास जखम साबणाने 15 मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

सलुकी 12-14 वर्षे जगतो. आपला इकामा मात्र नोकरीवर अवलंबून! भारतात कुत्रा सामानासोबत नेण्याची सवलत दोन वर्षे परदेशी राहून कायमचे परतणाऱ्यांसाठी आहे. रेबीजची लस, आरोग्य दाखला, क्वारंटाइनची परवानगी आणि विमानभाडे यांचा खर्च वेगळा. तेवढी रक्कम बाजूला काढणे जमत नसेल, तर दत्तक न घेता तात्पुरता सांभाळच करावा. तीही मोठी मदतच आहे.