मेंदूतील प्लॅस्टिक आणि मोजमापाचा पेच

पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलेल्या प्लॅस्टिकच्या कणांना मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. 2025 च्या आरंभी अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या मेंदूत यकृत व मूत्रपिंडापेक्षा अधिक प्लॅस्टिक आढळल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभर खळबळ उडाली. परंतु मोजण्याची पद्धत पाहिल्याशिवाय या निष्कर्षाचे खरे वजन कळत नाही. या पद्धतीत ऊतीचा नमुना रसायनात विरघळवून उरलेला गाळ प्राणवायूविना तीव्र उष्णता देऊन तोडला जातो, ज्याला पायरोलिसिस म्हणतात, आणि बाहेर पडणाऱ्या वायूंवरून मूळ पदार्थ ओळखला जातो. अडचण अशी की, पॉलिथिन आणि चरबी या दोन्हींच्या रेणूंत कर्ब व हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या असल्याने त्या तुटल्यावर काही तुकडे अगदी सारखे निघतात, आणि मेंदूच्या शुष्क वजनाचा निम्म्याहून अधिक भाग तर मेदच असतो. शिवाय प्रयोगशाळेतील हवा, हातमोजे आणि नळ्यांतूनही प्लॅस्टिक नमुन्यात शिरू शकते.

म्हणून धोका नाहीच, असे मानणेही घाईचे ठरेल. 2024 मध्ये इटलीतील संशोधकांना, मानेतील रोहिणीतून काढलेल्या मेदाच्या थरात प्लॅस्टिक सापडलेल्या रुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका सुमारे साडेचारपट दिसला. हा सहसंबंध गंभीर आहे, पण तो कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. एकाच नमुन्याचे मोजमाप निरनिराळ्या प्रयोगशाळांत जुळेपर्यंत मेंदूत इतर अवयवांपेक्षा अधिक प्लॅस्टिक असल्याचा दावा सिद्ध झाला, असे म्हणता येणार नाही.