ऑपरेशनच्या तारखेआधीचं ताट

कर्करोगाचं निदान झालं, ऑपरेशन करायचं ठरलं, की घरचे लोक डॉक्टरांना हमखास विचारतात : काय द्यायचं नाही? आंबट बंद करू का, साखर तोडू का, अंडं उष्ण पडेल का, दुधानं कफ होईल का? आजारपण आलं की ताटातून काहीतरी वगळायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. त्यात कुणीतरी मोबाइलवर पाठवतं की साखरेनं गाठ वाढते, दूध-मटण तर विषच. पंचाहत्तरीच्या माणसाच्या ताटातून असं एकेक काढत गेलं की शेवटी मऊ भात, वरणावरचं पाणी, नारळपाणी आणि चहा एवढंच उरतं. गाठ यानं उपाशी मरत नाही, तिला हवी ती साखर ती शरीरातून मिळवतेच. उपाशी राहतो तो माणूस.

‘काय आणि किती द्यायचं’ हा खरा प्रश्न विचारला जात नाही, याची किंमत किती मोठी असते ते वैद्यकाला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. १९३६ साली अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये हायरम स्टडली या सर्जननं पोटातल्या जुनाट अल्सरसाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा हिशेब मांडला. ज्यांचं वजन ऑपरेशनआधी २० टक्क्यांहून जास्त उतरलं होतं, त्यांच्यातला साधारण प्रत्येक तिसरा दगावला होता. बाकीच्यांत हे प्रमाण ३.५ टक्के होतं. हे रुग्ण कर्करोगाचे नव्हते आणि तेव्हाची भूल, तेव्हाची औषधं आजच्यासारखी नव्हती, हे खरं. पण उतरलेलं वजन हाच एक मोठा धोका आहे, हे स्टडलीचं निरीक्षण आजही खोडलं गेलेलं नाही. तरीही आपल्या जाडजूड फायलीत स्कॅन असतो, बायॉप्सी असते, विम्याचे कागद असतात. सहा महिन्यांपूर्वीचं वजन मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हातारपणी हा धोका वाढतो तो स्नायूंमुळे. शस्त्रक्रिया म्हणजे शरीराच्या दृष्टीनं मोठी जखमच. ती भरून काढायला, आतड्याचे जोडलेले दोन तुकडे नीट सांधायला, जंतूंशी लढायला प्रथिनं लागतात, आणि ताटातून ती पुरली नाहीत तर शरीर स्नायू मोडून ती उभी करतं. तरुण माणसाकडे ही पावसाळ्याची बेगमी भरपूर असते. वय वाढतं तशी ती आपोआप घटत जाते, त्यातच गाठीमुळे शरीरात जो दाह चालू असतो तोही स्नायू झिजवतो आणि भूक मारतो. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस नुसतं बिछान्यात झोपवून ठेवलं. त्यांना आजार नव्हता, टाके नव्हते, आणि शिफारशीइतकी प्रथिनंही मिळत होती. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. ऑपरेशन झालेल्या, दोन घास खाऊन ताट सरकवणाऱ्या आजोबांचं काय होत असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो. मग टाके कोरडे असतात, रिपोर्ट चांगला असतो, पण संडासाच्या भांड्यावरून स्वतःचं स्वतः उठता येत नाही.

झीज ओळखायला यंत्र लागत नाही. बांगड्या मनगटावरून वर सरकू लागतात, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं, कवळी सैल होते. सहा महिन्यांत पाच टक्के वजन उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सत्तावन्न झालं, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. दवाखान्यात एक साधी टेप पोटरीभोवती गुंडाळतात. घेर ३१ सेंटिमीटरहून कमी भरला तर शंका घ्यायची. फसवतात ते सुटलेल्या पोटाचे लोक. वरून चरबी शाबूत, आतून मांडीचा स्नायू विरलेला. आणि घरात सगळे म्हणतात, ‘यांना काय धाड भरलीय, थोडं उतरलं तर बरंच आहे.’

आता ताटाकडे वळू. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची कर्करोगाच्या रुग्णांसाठीची शिफारस अशी : वजनाच्या दर किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि किमान एक ग्रॅम, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं. पन्नास किलोच्या आजींना म्हणजे रोज १२५० ते १५०० कॅलरी आणि पन्नास ते पंच्याहत्तर ग्रॅम प्रथिनं. आपल्याकडच्या आजींचा दिवस आठवा. सकाळी चहा-खारी, दुपारी एक पोळी, भाजी, पातळ आमटी-भात, चारला पुन्हा चहा, रात्री मुगाची खिचडी नाहीतर दूधभात. बेरीज तीसच्या आसपास अडकते. सोमवार, संकष्टी, एकादशी धरल्या तर आणखी खाली, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या खिचडीत प्रथिनांच्या नावानं जे काही असतं ते शेंगदाण्याच्या कुटातलं. ऑपरेशन तोंडावर असताना उपास सोडवणं हे नातवंडांचं काम. सुनेचं कुणी ऐकत नाही.

उरलेले तीस-चाळीस ग्रॅम महागड्या डब्यातूनच यावे लागतात असं नाही. दोन अंड्यांत बारा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत तेरा, तेवढ्याच शेंगदाण्यांत सहा. दोन मोठे चमचे साय काढलेली दूध पावडर लापशीत, खिरीत, अगदी चहातही विरघळते आणि सात ग्रॅम देऊन जाते. कोकणात-गोव्यात तर प्रश्नच नसावा, शंभर ग्रॅम माशात वीसएक ग्रॅम सहज येतात. उतारवयात स्नायूंना प्रथिनांची ‘हाक’ कमी ऐकू येते, म्हणून चिमूटभर दिवसभर देण्यापेक्षा प्रत्येक जेवणात वीस-पंचवीस ग्रॅम देणं बरं. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी मात्र हा हिशेब आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचा. आणि ज्यांनी कित्येक दिवस जवळपास काहीच खाल्लेलं नाही त्यांना एकदम भरपेट खाऊ घालणं धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्यानं घसरून हृदयावर बेतू शकतं. तिथं सुरुवात दवाखान्याच्या देखरेखीखाली, हळूहळू.

एवढं करायला वेळ कुठंय, असं कुणी म्हणेल. वेळ असतो. तपासण्या, विम्याची मंजुरी, ऑपरेशन थिएटरची तारीख यांत दोन-तीन आठवडे जातातच, आणि ते नुसते काळजी करण्यात जातात. शस्त्रक्रियेआधीच्या या काळात व्यायाम, प्रथिनं, तंबाखू सोडणं आणि मनाला आधार असा चार आठवड्यांचा कार्यक्रम मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवर काही देशांत मिळून करून पाहिला गेला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : गंभीर गुंतागुंत कार्यक्रम केलेल्यांत १७ टक्के, न केलेल्यांत सुमारे ३० टक्के. त्याच युरोपीय संस्थेचं म्हणणं तर असं, की रुग्ण फारच खंगलेला असेल तर सात ते चौदा दिवस पोषण देऊन मगच शस्त्रक्रिया करावी, ती कर्करोगाची असली तरी. आतडं तुंबलं असेल, रक्तस्राव होत असेल तर अर्थात थांबता येत नाही. पण ‘गाठ वाढेल’ या भीतीनं माणसाला मोडक्या अंगानं टेबलावर चढवण्यापेक्षा हा प्रश्न सर्जनना विचारलेला बरा.

मग येते ऑपरेशनची आदली रात्र. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही’ ही सूचना अजून सर्रास ऐकू येते. भुलीच्या आजच्या नियमांनुसार बहुतेकांना हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि पाणी किंवा गाळीव रस दोन तास आधीपर्यंत चालतो. दुधाचा चहा यात बसत नाही. यादीत तिसरा नंबर असलेले आजोबा दुपारी दोनपर्यंत कोरड्या घशानं पडून राहतात, ते पुष्कळदा कुणी विचारलं नाही म्हणूनच. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतात तेव्हा विचारून ठेवायचं. मधुमेही आणि गिळायला त्रास असलेले यांच्याबाबत त्यांचं उत्तर वेगळं असू शकतं.

ऑपरेशननंतर सगळ्यांचा जीव सलाईनवर भरवसा ठेवून असतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभराच्या आतबाहेर कॅलरी, आणि प्रथिनं शून्य. तिनं पाणी मिळतं, ताकद नाही. पूर्वी गॅस पास होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही असा दंडक होता. आता अनेक ठिकाणी आतड्याच्या ऑपरेशननंतरही एक-दोन दिवसांतच खाणं सुरू करतात, अगदी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. तेव्हा एक बारीकशी अडचण हमखास येते. भूल देण्याआधी काढून ठेवलेली कवळी पिशवीच्या तळाशी असते, आणि समोर पोळी.

तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्यांचं पोषण नाकातल्या नळीतून चालतं, आणि आपल्या तंबाखूच्या मुलखात हे रुग्ण कमी नाहीत. नळी तुंबेल या धास्तीनं घरचे सगळं गाळून गाळून इतकं पातळ करतात, की दर दोन तासांनी दोनशे मिली जाऊनही माणूस उपाशीच. दूध पावडर, शिजवून मिक्सरमधून काढलेली डाळ, अंडं, चमचाभर तेल हे सगळं बारीक करून नळीतून जाऊ शकतं. प्रमाण आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्यायचं, भरवताना रुग्णाला उठवून बसवायचं आणि शेवटी साध्या पाण्यानं नळी धुवायची.

जेवणावरून घरात होणाऱ्या भांडणांबद्दल मात्र थोडं वेगळं सांगायला हवं. ‘मुद्दाम खात नाहीत, हट्टी आहेत’ हे वाक्य फार घरांत ऐकू येतं. भूक मेलेली असते ती रोगानं. तोंडाला चव नसते, दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं, वासानं मळमळतं. तिथं भरलेलं ताट पुढे करून पहारा देण्यापेक्षा दर दोन तासांनी वाटीभर काहीतरी पुढे ठेवावं, आणि शेजारी बसून आपणही खावं.

घरी आल्यावर भेटायला येणारे शहाळी आणि सफरचंदं आणतात. जवळच्या माणसांना सरळ सांगावं, अंडी आणा, पनीर आणा. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत करून फायलीच्या मागच्या पानावर लिहावं. संपूर्ण जठर काढलेल्यांना बी-१२ जन्मभर बाहेरून घ्यावं लागतं, ते इंजेक्शन विसरू नये. आणि सलग दोन आठवडे काटा खालीच जात असेल, तर पुढच्या केमोच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात फोन करावा.