अनुभव नाही, तरी नेमावं का? काला अंब ते कॉलेजचं मैदान

आजचा प्रश्न साधा आहे. कॉलेजच्या फुटबॉल संघाला सहायक प्रशिक्षक हवाय. समोर उमेदवार बसलाय. स्वतः चांगला खेळलेला आहे, शाळेतल्या नाहीतर तालमीतल्या पोरांना शिकवलेलं आहे, पण कॉलेजच्या पातळीवर एक दिवसही काम केलेलं नाही. घ्यावा का?

आणि हा प्रश्न मी पानिपतच्या काला अंबापासून का सुरू करतोय, असं तुम्हाला वाटेल. कारण 'त्या पातळीचा अनुभव नसलेला माणूस' या विषयावर आपण मराठी लोक अडीचशेहून जास्त वर्षं एकाच नेमणुकीबद्दल भांडत आलोय, आणि त्या नेमणुकीचा शेवट तिथे झाला.

काला अंब पानिपत शहरापासून सात-आठ किलोमीटरवर आहे. ज्या आंब्यावरून हे नाव पडलं तो आता नाही, त्या जागी स्मारकाचा स्तंभ आहे. रक्ताने झाड काळं पडलं ही आख्यायिका, ती आख्यायिका म्हणूनच घ्यायची. दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं तिथे जातात, आणि परतीच्या गाडीत हमखास एक वाद निघतो: भाऊंना उत्तरेत पाठवायला नको होतं.

हा वाद नीट मांडून बघू. जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं. मार्चमध्ये उत्तरेची मोहीम त्यांच्याकडे आली. पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव नावाला प्रमुख, कारभार भाऊंचा. वय तिशीच्या आतबाहेर. दुसरे उमेदवार होते राघोबादादा. ते १७५८ मध्ये थेट लाहोरपर्यंत जाऊन आलेले, म्हणजे उत्तरेचा अनुभव भरपूर. पण ती मोहीम कर्जाचा डोंगर घेऊन परतली होती. भाऊ हिशेबाला पक्के, शिस्तीचे, तोफखान्याचं महत्त्व ओळखणारे. आजच्या भाषेत बोलायचं तर एका उमेदवाराकडे त्या पातळीचा अनुभव आणि खराब ताळेबंद, दुसऱ्याकडे ताजा विजय आणि त्या पातळीचा अनुभव शून्य. तुम्ही निवड समितीत असता तर काय केलं असतं? मला तरी ती निवड कागदावर चुकीची वाटत नाही.

मग अडलं कुठे? इथे 'अनुभव' हा शब्द फोडावा लागतो. भाऊंना लढाईचा अनुभव होता, कर्नाटकच्या मोहिमेपासून. नव्हता तो त्या जागेचा. पावसाळ्यात यमुना किती फुगते, उतार कुठे मिळतो, कुठला संस्थानिक कशाने रुसतो, रसद कोणाच्या मुलखातून येते, हे सगळं जागेचं ज्ञान. भाऊंना दुआबात उतरायचं होतं, पण भरलेल्या नदीने अडवलं. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ तीच नदी ओलांडली आणि दिल्लीचा रस्ता तोडला.

पण जागेचं ज्ञान असलेली माणसं भाऊंच्या छावणीत होती ना! मल्हारराव होळकरांचं सगळं आयुष्य उत्तरेत गेलेलं. सूरजमल जाट तर तिथलाच. बायकापोरं आणि जड सामान मागे ठेवा, हलकं लढा, असा सल्ला त्याने दिल्याचं बखरी सांगतात. तो मानला गेला नाही, आणि दिल्ली घेतल्यावर सूरजमल बाजूला झाला. म्हणजे अनुभव हाताशी होता, पण तो हाताखाली होता. निर्णय करणारा नवा आणि सल्ला देणारे जुने, अशी ती रचना. तिच्यात सगळा भार एका गोष्टीवर येतो: वरचा माणूस ऐकतो का.

फुटबॉलच्या सहायकाचा प्रश्न नेमका याच्या उलट आहे. तिथे निर्णय करणारा जुना असतो आणि नवा माणूस हाताखाली येतो. हा फरक लक्षात घेतला नाही तर भाऊंचं उदाहरण देऊन लोक कुठल्याही नव्या माणसाला दारातूनच परत पाठवतील.

हे पडताळून बघायला अमेरिका बरी. तिथलं फुटबॉल म्हणजे हातात लांबट चेंडू घेऊन पळण्याचा खेळ, आपला नव्हे. पण कॉलेजच्या खेळात तिथे इतका पैसा आणि इतकी माणसं आहेत की नेमणुकांचे प्रयोग भरपूर झालेत. मोठ्या विद्यापीठाच्या संघात मुख्य प्रशिक्षकाखाली दहा-दहा सहायक असतात. एक बचावाच्या फळीचा, एक क्वार्टरबॅकचा, असं वाटून. आणि मैदानावर शिकवणं हे त्यांचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे हायस्कूलमधली चांगली पोरं हेरायची, त्यांच्या आईबापांशी बोलायचं, आपल्या विद्यापीठात आणायची. ती पोरं आणताना कोणाला कधी भेटावं, काय द्यावं, काय देऊ नये याचे जाडजूड नियम. 'कॉलेजचा अनुभव हवा' ही अट बहुतेक या दुसऱ्या अर्ध्यामुळे येते.

आता दोन माणसं बघा. दोघेही हायस्कूलमधून थेट वर आले. जेरी फाउस्ट हे सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलचे फार गाजलेले प्रशिक्षक. १९८१ च्या हंगामासाठी नोत्र दाम विद्यापीठाने त्यांना एकदम मुख्य प्रशिक्षक केलं. पाच हंगामांत ३० विजय, २६ पराभव, १ बरोबरी. दुसऱ्या कुठे हे चाललं असतं, नोत्र दाममध्ये नाही. १९८५ ला ते पायउतार झाले. दुसरे गस मालझान. आर्कान्सामधल्या स्प्रिंगडेल हायस्कूलचे प्रशिक्षक. २००५ च्या अखेरीस आर्कान्सा विद्यापीठाने त्यांना आक्रमणाचा समन्वयक, म्हणजे सहायकच, म्हणून घेतलं. टीका झाली की त्यांच्या शाळेचा स्टार क्वार्टरबॅक मिळावा म्हणून गुरुजींना नोकरी दिली. तो पोरगा आलाही. एका हंगामात मालझान तिथून टल्साला गेले, तिथून ऑबर्नला. २०१० च्या हंगामात ऑबर्नने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा आक्रमण त्यांच्याकडे होतं. २०१२ च्या अखेरीस ते तिथेच मुख्य प्रशिक्षक झाले.

दोन उदाहरणांवरून सिद्धांत होत नाही, हे मान्य. पण बिल बेलिचिक घ्या. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा सुपर बोल जिंकलेला माणूस. डिसेंबर २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं. कॉलेजात त्यांनी कधीच प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. (वडिलांनी मात्र आयुष्य नौदल अकादमीच्या संघाचे सहायक म्हणून काढलं, म्हणजे घरात कॉलेज होतंच.) पहिला हंगाम चार विजय, आठ पराभव. खेळाचं ज्ञान यापेक्षा जास्त कुठून आणणार? कमी होतं ते जागेचं.

म्हणून माझं मत असं की कॉलेजचा अनुभव नसलेला माणूस सहायकाच्या जागेवर घ्यायला हरकत नाही. किंबहुना ती जागा त्यासाठीच असते. पण दोन गोष्टी बघाव्या लागतात, आणि त्या दोन्ही पानिपतातच सापडतात.

पहिली, रणांगणावरची. इब्राहिमखान गारदी हा भाऊंचा 'तज्ज्ञ सहायक' म्हणावा असा माणूस. फ्रेंच बुसीच्या हाताखाली तयार झालेला, निजामाच्या चाकरीतून मराठ्यांकडे आलेला. त्याच्या कवायती पलटणी १४ जानेवारी १७६१ ला सकाळी रोहिल्यांवर तुटून पडल्या, आणि त्यांच्या कामगिरीबद्दल आजही कोणी वावगं बोलत नाही. अडचण अशी की त्याची पद्धत संथ, बांधीव, बंदुकीच्या रांगेची. बाकीच्या फौजेची सवय मोकळ्या घोडदौडीची. दोन्हींची सांगड घालायला जो सराव लागतो तो झालाच नव्हता. नवा सहायक नवी पद्धत घेऊन येतो तेव्हा प्रश्न एकट्या त्याच्या हुशारीचा नसतो. संघाला ती पद्धत अंगवळणी पाडायला किती आठवडे मिळणार, हे आधी मोजावं लागतं. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा लागायच्या पंधरा दिवस आधी प्रशिक्षक नेमायची जी पद्धत आहे, तिच्यात साक्षात गारदीही काही करू शकणार नाही.

दुसरी गोष्ट पानिपत शहरातली. शहरात शिवाजी स्टेडियम आहे. होय, पानिपतच्या मैदानाचं नाव शिवाजी स्टेडियम. जवळच्या खंडरा गावचा एक जाडजूड पोरगा वजन कमी करायला म्हणून शहरात यायचा आणि या मैदानावर भालाफेक बघत उभा राहायचा. नीरज चोप्रा. (तो ज्या रोड समाजातला आहे, त्यातले अनेक जण स्वतःला पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही.) त्याला पहिल्यांदा भाला हातात देऊन शिकवणारा जयवीर हा पगारी प्रशिक्षक नव्हता. मैदानावर सराव करणारा, वयाने थोडा मोठा भालाफेकपटू होता. पोराच्या हातात काहीतरी आहे हे त्याने ओळखलं, एवढंच. पुढे २०११ च्या सुमारास नीरज पंचकुल्याच्या ताऊ देवीलाल संकुलात गेला. तिथले नसीम अहमद हे मुळात धावण्याचे प्रशिक्षक. त्यांनी भाल्यासोबत त्याला पळवलं. तंत्रासाठी पोरगा यूट्यूबवर यान झेलेझ्नीचे व्हिडिओ बघायचा. २०१२ मध्ये लखनौला राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवलं.

आता पुढची रांग बघा. गॅरी कॅल्व्हर्ट, मग १०४.८० मीटर भाला फेकलेले उवे होन, मग २०१९ पासून क्लाउस बार्टोनिट्झ. बार्टोनिट्झ यांची ओळख शरीराच्या हालचालींचा अभ्यासक, बायोमेकॅनिक्सचा माणूस अशी. टोकियोत ७ ऑगस्ट २०२१ ला ८७.५८ मीटरचं सुवर्ण त्यांच्या काळातलं. जगात शंभर मीटरच्या पुढे भाला फेकलेला एकमेव माणूस उवे होन, त्यांच्यासोबत ते सुवर्ण आलं नाही. म्हणजे 'तिथपर्यंत जाऊन आलेला' आणि 'तिथपर्यंत नेऊ शकणारा' या दोन वेगळ्या पात्रता आहेत. गंमत म्हणजे २०२४ च्या अखेरीस नीरजने नेमले ते झेलेझ्नी, व्हिडिओतले गुरुजी. आणि मे २०२५ मध्ये दोहाला भाला पहिल्यांदा नव्वदीपार, ९०.२३. पण त्या वेळी नीरज सत्तावीस वर्षांचा, घडलेला खेळाडू होता. चौदाव्या वर्षी त्याला झेलेझ्नीपेक्षा जयवीर जास्त उपयोगी होता, असं मला वाटतं, कारण जयवीर रोज मैदानावर होता.

आता आपल्या कॉलेजांकडे येऊ. क्रीडा संचालकाच्या पूर्ण पगारी जागेला विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आहेत: शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट, आणि शारीरिक क्षमतेची चाचणी. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १८०० मीटर जायचं. माणूस पळतो का हे आपण घड्याळ लावून बघतो. शिकवतो का, हे बघायला मात्र घड्याळ नाही. पण मानधनावरच्या सहायक प्रशिक्षकाबाबत कॉलेजचे हात बरेच मोकळे असतात, आणि तिथेच चांगली निवड करता येते.

कोल्हापूरचं उदाहरण डोळ्यांसमोर आणा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या संघांत दहा-पंधरा वर्षं घासून खेळलेली माणसं तिथे गल्लोगल्ली आहेत. शाहू स्टेडियमच्या गर्दीसमोर खेळलेल्याला दडपण काय असतं ते शिकवावं लागत नाही. पण त्याला कॉलेजची जागा माहीत नसते. सेमिस्टरची परीक्षा आणि विद्यापीठाची स्पर्धा एकाच आठवड्यात येते. पात्रतेच्या फॉर्मवर एक सही राहिली तर उत्तम स्ट्रायकर बाहेर बसतो. बस्तीतून येणारा पोरगा दुपारी जेवलेला आहे का, हे विचारावं लागतं. हे सगळं शिकता येतं, एका हंगामात येतं, फक्त शिकवणारा क्रीडा संचालक सोबत असावा लागतो. तो स्वतःच नवा असेल, किंवा मैदानावर फिरकतच नसेल, तर मग सहायक अनुभवीच घ्या. दोन्ही नवे ठेवू नका.

मुलाखतीत मी काय विचारीन? मुळात मुलाखत टेबलावर घेणारच नाही. वीस पोरं, आठ चेंडू, चाळीस मिनिटं द्यायची आणि कडेला उभं राहायचं. कच्च्या पोराकडे तो किती वेळा वळतो ते मोजायचं. मग विचारायचं: मुख्य प्रशिक्षकाशी तुमचं पटलं नाही तर पोरांसमोर काय कराल? आणि त्याचवेळी मुख्य प्रशिक्षकालाही विचारायचं: याने सांगितलेलं तुम्ही शेवटचं कधी ऐकाल, सामन्याच्या आदल्या दिवशी की मध्यंतरात? कागद म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा निदान डी लायसन्स असावा. नसेल तर वर्षभरात करायचा, आणि त्याची फी कॉलेजने भरायची, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहावं. नेमणूक एका हंगामाची. जूनमध्ये करायची, स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी नव्हे. काम वाटून द्यायचं, समजा गोलकीपर आणि बचावफळी त्याची, संघनिवडीत त्याचं मत नोंदवायचं, निर्णय मुख्य प्रशिक्षकाचा. आणि हंगाम संपला की पहिला प्रश्न पोरांना विचारायचा, बंद पाकिटात, नाव न लिहिता.