जुना एसी : गॅस भरायचा की मशीनच बदलायचे?

उन्हाळ्यात परभणीकरांची पहिली नजर जाते ती वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात नोंदल्या जाणाऱ्या तापमानाकडे. मे महिन्यात हा आकडा ४३-४४ अंशांवर जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. नेमक्या याच दिवसांत बारा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला एसी नुसता घरघरतो. वारा येतो, पण गारवा नाही. मेकॅनिक गॅस भरून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग घरात प्रश्न निघतो : दुरुस्ती करत राहायचे की मशीनच बदलायचे?

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. खोलीत त्याची वाफ होते, तेव्हा तो उष्णता शोषतो; बाहेरच्या युनिटमध्ये दाबाखाली त्याचे पुन्हा द्रवात रूपांतर होते, तेव्हा ती उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे गॅस कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

एसीचा ‘टन’ हे त्याचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी खोलीतून काढण्याची क्षमता म्हणजे एक टन; सुमारे साडेतीन किलोवॉट. ही क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. मोठ्या बोटींवरचे एसी ही उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडतात. परभणीतल्या एसीला मात्र ती ४४ अंशांच्या हवेतच सोडावी लागते. त्यामुळे ऐन दुपारी त्याची क्षमता घटते आणि वीज जास्त लागते. पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हात किंवा अडचणीच्या जागी लावलेले बाहेरचे युनिट निम्मी लढाई तिथेच हरते.

आता गॅसविषयी. जुन्या एसींमध्ये बहुधा आर-२२ असतो. हा वायू ओझोन थराला इजा करतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. भारतात २०२५ पासून नव्या यंत्रांत तो भरला जात नाही. दुरुस्तीसाठी अजून मिळतो, पण पुढे पुरवठा घटतच जाणार. त्याची दुसरी खोड तापमानवाढीची : एक किलो आर-२२ हवेत सोडला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. नव्या एसींमध्ये बहुतेक आर-३२ असतो. त्याचा हाच आकडा पावणेसातशेच्या आसपास आहे आणि ओझोनला त्याचा धोका नाही. आर-२९० म्हणजे प्रोपेन. त्याचा आकडा पाचच्याही आत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांना ही माहिती आवडेल : प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी गोदरेजने शिरवळच्या कारखान्यात बनवले, ते जर्मन सरकारच्या सहकार्यानेच.

हे दोन्ही नवे वायू कमी-अधिक ज्वलनशील आहेत. म्हणून आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये ते ‘चालतात’ म्हणून भरून घेऊ नका. आर-३२ चा दाब दीडपटीहून जास्त असतो, त्याला वेगळे तेल लागते आणि जुन्या यंत्रातील विजेचे भाग ज्वलनशील वायूसाठी बनवलेले नसतात.

बदलाचा हिशेब मात्र थंड डोक्याने करा. समजा, जुना एसी रात्रभरात १० युनिट वीज खातो आणि त्याची कार्यक्षमता २.८ आहे. तेवढाच गारवा ५ कार्यक्षमतेचा नवा एसी साडेपाच-सहा युनिटमध्ये देईल. ९० रात्रींत सुमारे ४०० युनिट वाचतील. युनिटला १० रुपये धरले, तर वर्षाला ४,००० रुपये. केवळ बिलासाठी ४० हजारांचा एसी घेतला, तर पैसे वसूल व्हायला दहा वर्षे लागतील. दुकानात, दवाखान्यात वर्षभर एसी चालत असेल, तर हाच हिशेब तीन-चार वर्षांवर येतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी जाळी आणि दोन्ही युनिट्स स्वच्छ करून घ्या. गच्चीवर पांढरा चुना मारा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या किंवा जाड पडदा लावा. गळती नळीच्या जोडावर असेल, तर ती दुरुस्त होते. पण आतले कॉइल सडले असेल किंवा कॉम्प्रेसर गेला असेल, तर आर-२२ च्या मशीनवर खर्च करण्यात अर्थ नाही.

नवा घेताना नुसते तारे मोजू नका. ताऱ्यांचे निकष बदलत असतात. जुलै २०२२ मध्ये ते कडक झाल्यावर आधीचे अनेक पंचतारांकित एसी चार ताऱ्यांवर आले. लेबलवरचा ‘आयएसईईआर’ हा आकडा पाहा. जास्त तेवढा चांगला. ४३ अंशांना क्षमता किती राहते, हेही दुकानदाराला विचारा.

बसवताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. तांब्याची नळी शक्यतो नवी घ्या. जुन्या नळीत आधीचे तेल राहते. गळती तपासायला कोरडा नायट्रोजन वापरावा. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो. आणि गॅस सोडण्यापूर्वी व्हॅक्युम पंपाने नळ्यांतली हवा व ओल काढलीच पाहिजे. पंपाशिवाय ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. वायरिंग, अर्थिंगही त्याच दिवशी तपासून घ्या.

जुन्या मशीनचे काय? भंगारात नळी कापली, की आतला गॅस एका क्षणात हवेत जातो. एक किलो आर-२२ म्हणजे साधारण अडीच हजार युनिट वीज बनवताना होणाऱ्या प्रदूषणाएवढा तोटा. वरच्या उदाहरणातली सहा वर्षांची बचत एका कापात संपली. एसी आता ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. म्हणून एक्स्चेंजमध्ये देताना किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे सोपवताना गॅस काढून सिलिंडरमध्ये घेण्याचा आग्रह धरा.

शेवटी आरोग्याचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हवा ४० अंशांवर गेली, की पंखा शरीर गार करण्याऐवजी तापवतो. वृद्ध, तान्ही बाळे, हृदय-मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी अशा दुपारी गार खोली ही चैन नाही. एसी २४ ते २६ अंशांवर ठेवून मंद पंखा लावला तरी पुरते. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, म्हणून दिवसातून दोनदा खिडकी उघडा. आणि एसी परवडत नसेल, तर मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो. फक्त खिडकी उघडी ठेवा आणि आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करा, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास वाढतील.